पाय थांबत नाहीत आणि उठताही येत नाही

डायलिसिसच्या खुर्चीत चार तास. फिस्चुलात, म्हणजे डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेल्या जोडात, दोन सुया, त्या हाताला हलवायची परवानगी नाही. आठवड्यातून बहुधा तीनदा हेच. अशा वेळी पोटऱ्यांच्या आत, हाडापर्यंत खोल, काहीतरी वळवळू लागतं. हे दुखणं नव्हे, पेटकाही नव्हे. पाय हलवल्यावाचून राहवत नाही, एवढंच रुग्णाला सांगता येतं. चार पावलं चाललं की लगेच बरं वाटतं. पण उठायचंच तर नाही. रात्री घरी गेल्यावरही तीच तळमळ.

याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरांनी 1672 मध्ये त्याचं वर्णन केलं होतं, पण आजचं नाव मिळायला 1945 साल उजाडलं. ते दिलं स्वीडनच्या कार्ल-आक्सेल एकबॉम यांनी. डायलिसिसवरच्या लोकांत हा त्रास इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो. तरीही कितीतरी रुग्ण तो बोलूनच दाखवत नाहीत. ‘पाय वळवळतात’ ही काय डॉक्टरांना सांगायची गोष्ट, असं त्यांना वाटतं. ती सांगायचीच गोष्ट आहे.

कारण पायांना मालिश हा यावरचा एक उपाय असला, तरी तो सुरू करण्याआधी काही गोष्टी तपासायला हव्यात. मेंदूत डोपामिन हे संदेश पोहोचवणारं रसायन तयार करणाऱ्या एका एन्झाइमला लोह लागतं, म्हणून लोहाची कमतरता हा त्रास वाढवते. काही औषधंही वाढवतात. डायलिसिसच्या रुग्णांना खाज फार सुटते. त्यावर झोप आणणारी अँटिहिस्टामिनची गोळी दिली जाते आणि तीच रात्री पायांना छळते. या त्रासावरच्या औषधांचीही अडचण आहे. गॅबापेंटिन मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं, त्यामुळे इथे त्याचा डोस खूप कमी ठेवावा लागतो. डोपामिनसारखं काम करणारी औषधं दीर्घकाळ घेतली तर कधी कधी त्रास उलट वाढतो.

म्हणूनच स्पर्शाच्या उपायांकडे लक्ष गेलं: पोटऱ्यांना मालिश, तळव्यांची रिफ्लेक्सॉलॉजी (म्हणजे तळव्यावरच्या ठरावीक जागा दाबणं), अ‍ॅक्युप्रेशर, लॅव्हेंडरच्या तेलाने चोळणं. यावरचे बरेच प्रयोग इराण आणि तुर्कस्तानात झाले आणि अनेकांत रुग्णांचा त्रास कमी झाल्याचं दिसलं. मात्र हे प्रयोग लहान आहेत, काही आठवड्यांपुरते. शिवाय औषधाची चाचणी करताना काहींना नकळत खडूची गोळी देता येते, तसं मालिश झालं की नाही हे रुग्णापासून लपवता येत नाही. आराम मोजायचा तोही रुग्णालाच प्रश्न विचारून. आणि या विकारात नुसत्या आशेनेही बराच फरक पडतो, हे औषधांच्या चाचण्यांत वारंवार दिसलं आहे.

तरी स्पर्शाने बरं वाटण्याला शरीरात आधार आहे. मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, चोळल्याने जाड मज्जातंतूंतून जाणारे संदेश मज्जारज्जूतच त्रासदायक संदेशांची वाट अडवतात. ठेच लागली की आपला हात आपोआप तिथे जातो, तो यामुळेच. चालण्याने पायांकडून जी संवेदना वर जाते, तिचा थोडा वाटा बसल्या जागी चेपण्यातून मिळत असावा, असं मला वाटतं. तळव्यावर यकृत, मूत्रपिंड वगैरेंचे नकाशे काढतात, त्यांना मात्र शरीररचनेत पुरावा नाही. चेपणं उपयोगी पडायला तो नकाशा खरा असावा लागत नाही.

डायलिसिस चालू असताना रक्त गोठू नये म्हणून बहुधा हेपॅरिन दिलेलं असतं, त्यामुळे जोरात दाबलं तर काळेनिळे डाग उठतात. फिस्चुलाच्या हाताला मालिश करायचं नाही. एकच पाय अचानक सुजला, गरम झाला, दुखू लागला तर त्याला हात न लावता आधी डॉक्टरांना दाखवायचा. शिरेत गुठळी असू शकते. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर दाब जास्त झाल्याचं रुग्णाला कळतच नाही, म्हणून आधी जखमा, भेगा नीट पाहून घ्यायच्या आणि गरम शेक टाळायचा. बाकी तळहाताने सावकाश, घोट्यापासून गुडघ्याकडे, हे घरचं कुणीही करू शकतं. झोपायच्या आधीची वेळ त्यासाठी बरी, कारण पाय सगळ्यात जास्त छळतात ते संध्याकाळनंतरच.