गेंड्या भुंगा: शेंड्यावरचा घाव, गायरीतला उपाय

माडाची नवी झावळी उलगडली आणि तिची पाती कात्रीने तिरकी छाटल्यासारखी दिसली, की आगरात गेंड्या भुंगा शिरलाय हे कोकणात कुणाला सांगावे लागत नाही. घाव मात्र जुना असतो, झावळी अजून सुरळीसारखी मिटलेली असतानाचा. भोकातून चघळलेला चोथा बाहेर पडतो, पोय दुखावते, आणि त्याच जखमेत सोंड्या भुंगा ही दुसरी कीड अंडी घालते. माडावर चढणारा पाडेली तारेच्या आकड्याने भुंगा ओढून काढतो, बेचक्यांत वाळू आणि निंबोळी पेंड भरतो. हे करायलाच हवे. पण त्याआधी तीन-चार महिने हा किडा अळी म्हणून गायरीत, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात वा ढिगात, नाहीतर कुजक्या खोडात वाढलेला असतो. जैविक नियंत्रणाचे, म्हणजे किडीवर सजीव शत्रू सोडण्याचे, मोठे शोध लागले ते अशा अळ्यांच्या आजारांतूनच.

पहिला धागा माडाचा नाही, गव्हाचा आहे. 1879 मध्ये जीवशास्त्रज्ञ एली मेचनिकोव्ह यांना ओडेसाच्या परिसरात गव्हावरच्या भुंगेऱ्याच्या अळ्यांवर एक हिरवी बुरशी सापडली. आज पुडीत मिळणारी मेटारायझियम ती हीच. 1884 मध्ये संशोधक क्रासिलश्चिक यांनी युक्रेनमधल्या स्मेला येथे तिचे बीजाणू मोठ्या प्रमाणावर तयार करून दाखवले.

गेंड्या भुंगा मूळचा आपल्याकडचा, दक्षिण आणि आग्नेय आशियातला. 1909 च्या सुमारास तो श्रीलंकेतून रबराच्या रोपांबरोबर प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवर पोचला. तिथे त्याला शत्रूच नव्हता, त्यामुळे माडांची दैना झाली. भुंगे-अळ्या वेचण्याच्या मोहिमा झाल्या, मेटारायझियम वापरून पाहिली, झांजीबारहून अळीवर जगणारी गांधीलमाशी आणली. कशानेच पुरेसा आळा बसला नाही.

मग 1963 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आलोइस ह्यूगर मलेशियात या भुंग्याचे रोग शोधायला गेले. काही अळ्या काचेसारख्या पारदर्शक होऊन खताच्या वरच्या थरात येऊन मरत होत्या. कारण निघाले एक विषाणू. 1967 मध्ये तो सामोआत सोडला गेला आणि पुढच्या काही वर्षांत माडांचे नुकसान झपाट्याने उतरले. यातली खुबी प्रौढ भुंग्यात आहे. लागण झालेला भुंगा लगेच मरत नाही. त्याचे आतडे पांढरे होऊन सुजते, मादीची अंडी घटतात, पण तो उडत राहतो आणि विष्ठेतून रोग शेंड्यापासून गायरीपर्यंत नेतो. शरीराबाहेर हा विषाणू फार टिकत नाही, म्हणून तो पुडीत भरून विकता येत नाही. लागण केलेले भुंगेच सोडावे लागतात, हेक्टरी 10 ते 15. आपल्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेने 1980 च्या दशकात लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर हे करून दाखवले.

कोकणात मात्र सामोआसारख्या चमत्काराची अपेक्षा धरू नये. ते नव्या पाहुण्यावर आलेले नवे संकट होते. इथे किडा मूळचाच, आणि केरळात हा विषाणू निसर्गतःच सापडलेला आहे. त्यात 2007 मध्ये प्रशांत महासागरातल्याच ग्वाम बेटावर आढळलेल्या भुंग्यांवर या विषाणूचा नेहमीचा परिणाम होईना. म्हणून बागायतदाराच्या हातातले खरे साधन म्हणजे मेटारायझियम.

शिफारस आहे एक घनमीटर खताला 50 हजार कोटी बीजाणू. बाजारातल्या पुडीत बहुधा ग्रॅमला 10 कोटी असतात, म्हणजे घनमीटरला 5 किलो लागतात. गायरीवर मूठभर भुकटी उधळून काही होत नाही, आणि मग बुरशीलाच बोल लावला जातो. पुडीवरचा सीएफयूचा, म्हणजे जिवंत बीजाणूंचा, आकडा आणि मुदत आधी वाचावी. भुकटी पाण्यात कालवून संध्याकाळी ओतावी आणि खत खालवर करावे, कारण उन्हात बीजाणू मरतात आणि अळ्या आत असतात. ताज्या शेणाचा ढीग तापतो, त्यात बुरशी जगत नाही. मुरलेल्या खतातच घालावी. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, इतकी ओल हवी. पहिल्या पावसानंतर ती आपोआप मिळते. जुलैच्या धारांत मात्र उघडी गायरी धुऊन निघते, म्हणून वर झावळ्यांचे छप्पर घालावे. त्याच खतात बुरशीनाशक पडू देऊ नये.

बुरशी लागली की मेलेली अळी आधी कडक होते, मग अंगावर पांढरा कापूस येतो आणि तो हळूहळू शेवाळी हिरव्या भुकटीत बदलतो. ती अळी काढून टाकू नये, तिथेच पुरावी. पुढच्या अळ्यांना लागण तिच्यापासूनच होते.

उरली खोडे. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड भागात माड-पोफळी आडव्या झाल्या. असे पडलेले खोड आतून कुजून भुसभुशीत झाले की ते भुंग्याचे पाळणाघर होते. ते तोडून, उभे चिरून वाळवावे किंवा जाळावे. हलवणे शक्य नसेल, तर कुजलेल्या गाभ्यातच बुरशी कालवून ओतावी.