फोटो कापला का जातो? प्रिंट सांगण्याआधी एवढं वाचा

गेल्या लग्नसराईतली गोष्ट. चोपड्याकडचं एक कुटुंब मांडवातला ग्रुप फोटो मोठा करायला आमच्या दुकानात आलं. सोनेरी पट्टीची १०×१२ची फ्रेम बाजारातून आधीच घेतलेली. आमच्या मुलानं फोटो मशीनला टाकला, कागद भरून प्रिंट काढली, फ्रेममध्ये बसवली आणि पेपरात गुंडाळून दिली. दुसऱ्या दिवशी सगळे परत. फ्रेम काउंटरवर ठेवायच्या आधीच बरोबरच्या सात-आठ वर्षांच्या पोरानं विचारलं, "भाऊ, आमना मामा कथा गया?"

मामा फोटोत डाव्या टोकाला उभा होता. ज्यानं नवरीला हाताला धरून मांडवात आणलं, त्याचा नुसता कोपर शिल्लक राहिला होता.

चूक आमची होती. कापलं जाणार आहे हे प्रिंट काढण्याआधी दाखवायला हवं होतं. प्रिंट पुन्हा काढून दिली, पण आणलेली फ्रेम वाया गेली. असा प्रसंग वर्षातून चार-सहा वेळा येतोच, म्हणून हे माहितीपत्रक.

दीडपट, सव्वापट

फोटोचं माप आणि फोटोचं प्रमाण यांत गल्लत होते. माप म्हणजे फोटो केवढा. प्रमाण म्हणजे लांब बाजू आखूड बाजूच्या किती पट. ४×६ आणि १२×१८ मापानं कितीतरी वेगळे, पण दोन्हींत लांब बाजू दीडपट, म्हणजे प्रमाण एकच. ४×६ची प्रिंट पसंत पडली तर १२×१८ अगदी तशीच येईल. तोच फोटो ८×१०वर मागितला की अडतं, कारण तिथे लांब बाजू फक्त सव्वापट असते.

लग्नाच्या फोटोग्राफरांकडचे बहुतेक कॅमेरे दीडपटीचे असतात. हे दीडपट रिळाच्या काळातून आलं. जर्मनीत ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाची ३५ मिमी फिल्म छोट्या कॅमेऱ्यात घातली आणि सिनेमाच्या दोन चौकटी जोडून २४×३६ मिमीची एक चौकट केली. तो लायका कॅमेरा १९२५ मध्ये लोकांसमोर आला. पुढे रीळ गेलं, चौकट तशीच राहिली. मोबाइलच्या कॅमेऱ्याची चौकट मात्र बहुतेक वेळा ४:३ असते, म्हणजे लांब बाजू १.३३ पट. ८×१०सारखी मापं तर या दोघांच्याही आधीची, काचेच्या प्लेटांवर फोटो काढायचे तेव्हाची. तीन घरचे पाहुणे एका पंगतीला बसवायचे तर कुणाचं तरी ताट सरकवावं लागतंच.

मामाचा हिशेब असा. कॅमेऱ्याचा दीडपटीचा फोटो १० इंच उंच केला की लांबी होते १५ इंच. फ्रेम होती १२ इंचाची. तीन इंच जास्त, म्हणून दोन्हीकडून दीड-दीड इंच गेलं. फोटोचा पाचवा हिस्सा! एकट्या माणसाच्या फोटोत कडेला भिंत किंवा झाड असतं, ते गेलं तरी कुणी विचारत नाही. ग्रुप फोटोत कडेला माणसं असतात, आणि टोकाला उभी राहतात ती बहुधा मानाची तरी असतात नाहीतर उशिरा आलेली.

कुठल्या फोटोला कुठला कागद चालेल हे घरीच बघता येतं. मोबाइलमध्ये फोटोची माहिती उघडा. ४०००×३००० किंवा ६०००×४००० असे दोन आकडे दिसतील. मोठ्याला लहानानं भागा आणि उत्तर या ओळींशी ताडून बघा:

१.५ : ४×६, ६×९, ८×१२, १२×१८, २०×३०
१.४ : ५×७ (ए-फोर कागद याच्या जवळ, १.४१)
१.३३ : ६×८, ९×१२, १२×१६
१.२५ : ८×१०, १२×१५, १६×२०
१.२ : १०×१२, २०×२४

उत्तर आणि ओळ जुळली तर काही कापलं जात नाही. जवळची ओळ असेल तर थोडं जातं. लांबची असेल तर आधी आमच्याशी बोला.

मोबाइलवाल्यांसाठी

आता दहातले आठ फोटो मोबाइलचेच येतात आणि त्यातले बहुतेक लोक सवयीनं ४×६ मागतात. ४:३चा आडवा फोटो ६ इंच लांब केला की त्याची उंची होते साडेचार. कागद चारचा, म्हणून अर्धा इंच जातो. फोटो काढणाऱ्यानं डोक्यावर जागा सोडली नसेल तर मागच्या रांगेतल्यांच्या टोप्या आणि फेटे जातात. मोबाइलच्या फोटोंचा अल्बम करायचा असेल तर आमचं मत सरळ आहे: ६×८ घ्या. चार पैसे जास्त जातील, पण फोटो अख्खा येईल.

आणखी एक गैरसमज. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ३:४ (म्हणजे ४:३च, उभ्या मोबाइलवर), ९:१६, १:१ आणि 'फुल' असे पर्याय असतात. 'फुल'मध्ये स्क्रीन भरून दिसतं म्हणून त्यात जास्त मावतं असं पुष्कळांना वाटतं. खरं तर आतलं सेन्सर बहुतेक मोबाइलमध्ये ४:३चं असतं. 'फुल' किंवा ९:१६ ठेवलं की मोबाइल त्याच चित्राच्या दोन बाजू कापून टाकतो आणि उरलेलं लांबट चित्र तुम्हाला देतो. ते पुन्हा कागदावर बसवताना लांबीकडून आम्हाला कापावं लागतं. दोनदा कात्री लागते. प्रिंट काढायची असेल तर ३:४ वरच फोटो काढा.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत काढलेला घोड्याचा फोटो एका गिऱ्हाइकानं आणला होता. घोडा बाजूनं उभा, नाकापासून शेपटीपर्यंत चौकटीत नेमका बसलेला, पण फोटो १६:९चा. हवा होता ८×१२. हिशेब केला तर ८ इंच उंचीला लांबी सव्वाचौदा इंच येत होती. दोन इंचांपेक्षा जास्त कापावं लागणार. तोंड वाचवलं तर शेपूट जाते. घोडेवाल्याच्या बैठकीत बिनशेपटीचा घोडा लावायचा कसा? शेवटी ८ इंची रोलवर सव्वाचौदा इंच लांब प्रिंट काढली आणि त्या मापाची फ्रेम करून घेतली. हे सांगायचं कारण, लॅबच्या मशीनला कागदाचे रोल लागतात. रोलची रुंदी ठरलेली असते, लांबी मशीन हवी तिथे कापतं. त्यामुळे वरच्या ओळींत नसलेलं मापही बऱ्याचदा निघतं. विचारून तर बघा.

'भरून' की 'पूर्ण'?

प्रमाण जुळत नसेल तेव्हा काउंटरवर आम्ही हे विचारू. 'भरून' म्हणजे कागद काठोकाठ भरेल, फोटोच्या कडा कापल्या जातील. 'पूर्ण' म्हणजे फोटो अख्खा येईल, पण दोन बाजूंना पांढरी पट्टी राहील. मोबाइलचा फोटो ४×६वर 'पूर्ण' काढला तर ही पट्टी प्रत्येक बाजूला सुमारे एक तृतीयांश इंचाची असते. पट्टी नको असेल तर कटरनं कापून देतो, मात्र मग फोटो अल्बमच्या खिशात सैल बसतो. 'भरून' हवा असेल तर कुठली बाजू गेली तर चालेल तेही सांगा. मशीनला सांगितलं नाही तर ते दोन्हीकडून सारखं कापतं. खाली नुसतं गवत असलं तरी ते वरचा फेटा अर्धा उडवतं.

"थोडा ओढून बसवा ना" असंही काहीजण म्हणतात. ओढता येतो. पण फोटो रुंदीत ओढला की नवरी जाड दिसते, उंचीत ओढला की सासरे ऊसासारखे. ते काम आम्ही करत नाही.

कॉम्प्युटरवर कडेची जागा वाढवणं मात्र आता बरं जमतं. मागे मोकळं आभाळ, साधा पडदा किंवा केळीची बाग असेल तर दोन्ही बाजूंना थोडी जागा वाढवून फोटो अख्खा बसवता येतो. त्याचे पैसे वेगळे, आणि आधी स्क्रीनवर दाखवल्याशिवाय प्रिंट निघत नाही. कडेला माणूस अर्धाच आलेला असेल तर उरलेला अर्धा कॉम्प्युटर मनानं रचतो. तसं आम्ही करून देत नाही.

फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा पाठवला की तो आकसतो, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. ४×६ला तेवढं पुरतं. १२×१८ला मात्र इंचामागे नव्वदसुद्धा पिक्सेल राहत नाहीत, आणि वरून कापावं लागलं तर त्याहून कमी. जवळून बघितलं की डोळे-नाक फुटलेले दिसतात.

फ्रेम शेवटी घ्या

बहुतेक भांडणांचं मूळ आधी घेतलेली फ्रेम असते. आधी टोपी शिवायची आणि मग त्या मापाचं डोकं शोधायचं, तसा हा प्रकार. फोटो दाखवा, माप ठरवा, प्रिंट हातात घ्या, मग फ्रेम निवडा.

फ्रेम घरात आधीपासून असेल तर ती उलटी करून मागची पाटी काढा आणि काचेचं माप घ्या. पट्टीच्या बाहेरून मोजू नका. काच ८×१२ असली तरी समोरून तेवढी दिसत नाही. पट्टीच्या खाचेत प्रत्येक बाजूचं जवळपास पाव इंच लपतं. फोटोच्या अगदी कडेला कुणाचा हात किंवा तारखेची ओळ असेल तर ती त्या खाचेत जाते.

फ्रेम बदलायचीच नसेल तर माउंट हा चांगला उपाय आहे. माउंट म्हणजे फोटोभोवती लावायचा जाड पुठ्ठा, मधे फोटोच्या मापाची खिडकी कापलेली. त्या १०×१२च्या सोनेरी फ्रेममध्ये मामासकट अख्खा फोटो ६×९चा करून माउंटनं बसवता आला असता. चेहरे लहान झाले असते एवढंच. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी सुचलं.

वडिलांचा किंवा आजोबांचा हार घालायचा फोटो बऱ्याचदा जुन्या अल्बममधून येतो. ते छोटे चौकोनी फोटो असतील तर ते अॅग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यांचे असू शकतात. त्यांची चौकट ६×६ सेंमी, चारही बाजू सारख्या. असा फोटो १२×१८वर भरून काढायचा म्हणजे तिसरा हिस्सा टाकायचा. आजोबा एकटे मधोमध उभे असतील तर चालून जातं. खुर्चीत आजी आणि शेजारी आजोबा असतील तर १२×१२ चौकोनीच करा. मूळ फोटो अल्बममधून ओढून काढू नका, गोंदाला चिकटून वरचा थर निघतो. अल्बमच घेऊन या, पानासकट स्कॅन करून देतो.