जुन्या मॅक फाइलचे दोन भाग आणि शून्य केबीचे मराठी फॉन्ट

नव्वदच्या दशकात गिरगाव, प्रभादेवी, लोअर परळ भागात मॅकवर लावलेल्या दिवाळी अंकांच्या सीडी आज कुणी विंडोजवर उतरवून घेतल्या, तर बऱ्याचदा पानांच्या फाइल मिळतात, पण फॉन्टच्या फाइल शून्य केबीच्या निघतात. इंग्रजी मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्येही वाचता येतो. युनिकोडपूर्व मराठीचं तसं नाही. तिथे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत, त्यामुळे फॉन्ट गेला की मजकूरच गेला.

याचं मूळ १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशमध्ये आहे. त्याच्या फाइलला दोन भाग असत. डेटा फोर्कमध्ये इतर संगणकांसारखे सलग बाइट. रिसोर्स फोर्कमध्ये मेनू, चिन्हं, आवाज, फॉन्ट असे सुटे तुकडे आणि प्रत्येकाला चार अक्षरांचा प्रकार व एक क्रमांक. यंत्राची मेमरी अवघी १२८ केबी. लागेल तो तुकडा उचलायचा, काम झालं की जागा मोकळी करायची. मेनूचे शब्द वेगळे ठेवल्यामुळे प्रोग्राम दुसऱ्या भाषेत नेताना मूळ कोडला हातही लावावा लागत नसे. ही रचना खरोखर सुंदर होती. मॅकच्या डिस्कवर फाइल ठेवण्याच्या पद्धतींनी, म्हणजे १९८५ च्या एचएफएसने आणि १९९८ च्या एचएफएस प्लसनेही, ती पुढे चालवली.

वाद आहे तो कोणत्या भागात काय ठेवायचं याचा. साधा मजकूर डेटा फोर्कमध्ये राहिला, म्हणून तो कुठेही नेला तरी वाचला. फॉन्ट मात्र अख्खे रिसोर्स फोर्कमध्ये. पडद्यावरच्या बिटमॅप (ठिपक्यांनी बनलेल्या) फॉन्टपुरतं हे समजण्यासारखं होतं, कारण सिस्टिम त्यांना रिसोर्स म्हणूनच वाचायची. पुढे प्रिंटरकडे पाठवायच्या पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेतल्या बाह्यरेखाही तिथेच ठेवल्या गेल्या आणि डेटा फोर्क रिकामा राहिला. हा निर्णय मला आजही पटत नाही. अक्षराचा आकार हा फॉन्टचा मूळ ऐवज आहे, आणि तोच अशा जागी ठेवला जी दुसऱ्या कुठल्याही संगणकाला दिसत नव्हती.

मॅकवरून पीसीच्या फ्लॉपीवर फाइल टाकली की दुसरा भाग एका लपलेल्या फोल्डरमध्ये जाई. पीसीवर दिसणारी तेवढीच फाइल पुढे कॉपी केली की तो मागे राहून जाई. जाणकार आधी स्टफइट किंवा बिनहेक्सने दोन्ही भाग एकाच फाइलमध्ये बांधून देत. पण अंक छपाईला सोडायच्या रात्री तेवढी सवड कुणाला असायची?

२००१ च्या मॅक ओएस टेनसोबत डीफॉन्ट या प्रकारचे फॉन्ट आले. त्यांत तेच रिसोर्स डेटा फोर्कमध्ये ठेवलेले होते. जुन्या फाइलना त्याचा उपयोग नव्हता. २०१९ च्या कॅटालिना या मॅकच्या सिस्टिमपासून मूळ एचएफएसच्या डिस्क मॅकवरही थेट उघडत नाहीत, त्यासाठी त्याआधीच्या मॅक ओएस टेनवर चालणारा जुना मॅक शोधावा लागतो. त्यावरून साध्या पेनड्राइव्हवर फॉन्ट घेतले की प्रत्येक नावाशेजारी टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी आणखी एक फाइल तयार होते. पीसीवर ती कचरा समजून पुसली जाते, पण आख्खा फॉन्ट तिच्यातच असतो.