सावली कोणत्या बाजूने आली? फोनवरून डोळ्याची तातडी ओळखताना

डोळ्याचे दुखणे डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळत नाही, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. त्यामुळे २०२० च्या टाळेबंदीत नेत्रतज्ज्ञ फोनवर चौकशी करू लागले तेव्हा इंदूरच्या रामबाग किंवा लोकमान्यनगरसारख्या वस्त्यांतील मराठी ज्येष्ठांना ती केवळ वेळ निभावण्याची सोय वाटली असेल, तर त्यात नवल नाही. तपासणी टाळण्याचे कारण मात्र खरे होते. स्लिट लॅम्प या दिव्याच्या सूक्ष्मदर्शकावर डोळा तपासताना डॉक्टर आणि रुग्ण यांच्या चेहऱ्यांत जेमतेम वीत-दीड वीत अंतर राहते. वुहानचे नेत्रतज्ज्ञ ली वेनलियांग यांना लक्षणे नसलेल्या एका काचबिंदूच्या रुग्णाकडून करोनाचा संसर्ग झाला, असे मानले जाते. ७ फेब्रुवारी २०२० रोजी त्यांचे निधन झाले. पुढे २५ मार्चला केंद्र शासनाने दूरवैद्यकसेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि नोंदणीकृत डॉक्टरांनी फोनवरून सल्ला देण्याला स्पष्ट चौकट मिळाली.

कोणाला आज बोलवायचे, कोणाला आठवड्याने आणि कोणाला घरीच थांबवायचे, या वर्गवारीला ट्रायाज म्हणतात. ती फोनवर करता येते, कारण डोळ्याच्या अनेक गंभीर विकारांची जागा रुग्णाच्या बोलण्यातूनच कळते; मात्र प्रश्न नेमके विचारावे लागतात.

पहिली विनंती असते ती एक डोळा तळहाताने झाकण्याची. दोन्ही डोळे उघडे असताना मेंदू एका डोळ्यातील उणीव दुसऱ्याच्या प्रतिमेने भरून काढतो आणि बिघाड कित्येक दिवस लक्षातच येत नाही. एकाचे दोन दिसत असतील तर हीच कृती आणखी काही सांगते. एक डोळा झाकताच दुसरी प्रतिमा नाहीशी झाली, तर दोष डोळे वळवणाऱ्या स्नायूंत, मज्जातंतूंत किंवा मेंदूत असू शकतो आणि थांबून चालत नाही; एकाच डोळ्याने पाहूनही दोन दिसत राहिले, तर कारण बहुधा भिंगात, पारपटलात (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात) किंवा चष्म्याच्या नंबरात सापडते.

या प्रश्नांचे खरे सामर्थ्य दिसते ते दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या मागचा प्रकाश टिपणारा पडदा, सुटण्याच्या विकारात. डोळ्याच्या पोकळीत सुमारे चार मिलिलिटर पारदर्शक जेली असते. तिच्यात ९८ टक्के किंवा त्याहून अधिक पाणी असते आणि उरलेल्या भागात मुख्यतः कोलॅजनचे तंतू व हायल्युरोनिक आम्ल. वयाबरोबर ती पातळ होते, आकसते आणि साठीच्या सुमारास अनेकांत मागच्या दृष्टिपटलापासून अलग होते. बहुतेकांना त्याचा अपाय होत नाही. मात्र जेथे ती घट्ट चिकटलेली असते तेथे पटलावर ओढ बसते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. त्याला ओढले तरी मेंदूकडे प्रकाशाचाच संदेश जातो, म्हणून रुग्ण डोळा दुखतो असे म्हणत नाही, अंधारात कडेला चमक दिसते असे म्हणतो. ओढीने पटल फाटले आणि एखादी बारीक रक्तवाहिनी तुटली, तर अचानक असंख्य काळे ठिपके तरंगू लागतात. मग पातळ झालेला द्रव त्या फटीतून मागे शिरतो आणि ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसे पटल मागच्या थरापासून सुटू लागते.

आता फोनवरचा महत्त्वाचा प्रश्न येतो: सावली कोणत्या बाजूने आली? दृष्टिपटलावर प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे पटल वरच्या भागात सुटले की सावली खालून वर चढते. वर साचलेला द्रव गुरुत्वाकर्षणाने खाली, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यावरील पीतबिंदूकडे, उतरतो. म्हणून खालून चढणाऱ्या सावलीला जास्त घाई असते. पीतबिंदूवर आपले वाचन आणि चेहरे ओळखणे अवलंबून आहे, आणि तेथील प्रकाशग्राही पेशींना प्राणवायू मागच्या रंजितपटलाकडून, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या थराकडून, मिळतो. तो थर दुरावला की पेशींची उपासमार सुरू होते. येथे रुग्णाचा अंदाज हमखास चुकतो. समोरचे अजून स्वच्छ दिसते, फक्त कडेला सावली आहे, असे सांगणारा मनुष्य स्वतःला थांबण्याजोगा समजतो. प्रत्यक्षात त्याचा पीतबिंदू अजून जागेवर असल्याने त्यालाच शक्य तितक्या लवकर शस्त्रक्रियेसाठी पाठवायचे असते. आठ दिवसांपासून काहीच दिसत नसलेल्या रुग्णालाही विलंब नको, पण त्याच्या बाबतीत तासांचा हिशेब तितका निर्णायक राहिलेला नसतो.

डोळ्यात पानाचा चुना उडाला असेल, तर मात्र प्रश्नांत वेळ घालवू नये. चुन्यासारखे अल्कली (तीव्र क्षार) पेशींच्या आवरणातील स्निग्ध पदार्थांचे साबणात रूपांतर करत आत शिरत जाते, म्हणून फोन चालू असतानाच स्वच्छ पाण्याची धार धरायला सांगतात, कण काढायला सांगतात आणि किमान अर्धा तास धुतल्यावर निघायला सांगतात. मध, तूप, गुलाबजल किंवा दूध घालण्याचे घरगुती उपाय येथे घातक आहेत, कारण त्यांत पाण्याची वेळ निघून जाते.

२०२१ च्या उन्हाळ्यात इंदूरच्या एम.वाय. रुग्णालयात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे ‘काळी बुरशी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या रोगाचे, रुग्ण मोठ्या संख्येने आले आणि प्रश्नांत भर पडली: मधुमेह आहे का, करोनात स्टेरॉइड दिले होते का, चेहरा एका बाजूने सुजला किंवा बधिर झाला आहे का, पापणी उतरली आहे का, एकाचे दोन दिसतात का. त्याच दिवसांत कांद्याच्या सालीवरची काळी बुरशी हाच तो रोग, अशी अफवा घरोघर फिरत होती. कांद्यावरची बुरशी सहसा ॲस्परजिलस नायजर असते आणि तिचा म्युकरमायकोसिसशी संबंध नाही. लोकांनी कांदे फेकण्याऐवजी रक्तातील साखर तपासली असती तर उपयोग झाला असता.

फोनची मर्यादा सर्वाधिक जाणवते ती लाल डोळ्यात. अचानक उद्भवणाऱ्या काचबिंदूत डोकेदुखी आणि उलट्या इतक्या तीव्र असतात की घरात त्याला पित्त किंवा अर्धशिशी ठरवून आम्लपित्ताची गोळी दिली जाते. म्हणून एकाच बाजूचे डोके दुखत असेल आणि उलट्या होत असतील, तर डोळा लाल आहे का आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात का, हे विचारावेच लागते. डोळ्यातील दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. अशा झटक्यात तो ४० च्या पुढे जाऊ शकतो आणि तो मोजण्याचे साधन फोनमध्ये नाही. त्यामुळे या लक्षणांत, तसेच कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखत असेल तर, छायाचित्र मागवत न बसता त्याच दिवशी रुग्णालयात बोलावले जाते.