घोणस अळी: पार्श्वभूमी

सप्टेंबर २०२२ मध्ये बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात उसाच्या फडात काम करताना अळीचा दंश झाल्याने काही शेतकऱ्यांवर रुग्णालयात उपचार करावे लागले आणि ‘घोणस अळी’ हे नाव काही दिवसांतच राज्यभर पोहोचले. विषारी सापाचे नाव चिकटल्याने घबराटही वाढली. ही अळी लिमॅकोडिडी कुळातील, म्हणजे स्लग पतंगांच्या वर्गातील असून कीटकशास्त्राला हे कूळ मुळीच नवे नाही.

या कुळातील भारतात सर्वत्र आढळणारी जात म्हणजे पॅरासा लेपिडा. डच व्यापारी पीटर क्रॅमर यांनी सुरू केलेल्या आणि १७७५ ते १७८२ या काळात प्रसिद्ध झालेल्या परदेशी फुलपाखरांच्या सचित्र ग्रंथमालेच्या काळापासून ती शास्त्राला ठाऊक आहे. जॉर्ज हॅम्पसन यांनी १८९२ मध्ये ब्रिटिश भारतातील पतंगांवरचा पहिला खंड प्रसिद्ध केला, त्यातही या कुळाची नोंद आहे. मात्र हा सारा अभ्यास मुख्यतः हिरव्या पंखांच्या पतंगाचा होता. शेतकऱ्याचा संबंध येतो तो अळीशी, आणि तिच्याकडे पिकावरील कीड म्हणून पद्धतशीर पाहणे १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे कृषी संशोधन संस्था स्थापन झाल्यानंतरच वाढीस लागले.

मादी पानाच्या खालच्या बाजूस चपटी अंडी माशाच्या खवल्यांसारखी एकमेकांवर चढवून घालते. लहान अळ्या तिथेच घोळक्याने राहून पानाचा हिरवा भाग खरवडतात, मोठ्या झाल्यावर कडेपासून खात जाऊन मधली शीर तेवढी शिल्लक ठेवतात. नारळ, आंबा, एरंड, डाळिंब, चहा असे काहीही त्यांना चालते. पोटाखाली इतर अळ्यांसारखे मांसल पाय नसल्याने त्या सरपटत पुढे जातात, आणि पाठीवरचे पोकळ काटे त्वचेत मोडले की त्यातील विषामुळे आग होते, गांधी उठतात. त्रास बहुधा तात्पुरता असतो; अॅलर्जी असलेल्यांनी मात्र तो हलक्यात घेऊ नये.

एरवी परजीवी गांधीलमाश्या, माश्या आणि विषाणू यांच्यामुळे त्यांची संख्या आटोक्यात राहते. त्यामुळे अळी दिसताच सरसकट फवारणीचा सल्ला देणे मला घाईचे वाटते. मलेशियातील तेलताडाच्या मळ्यांत १९६० च्या सुमारास या कुळातील अळ्यांचे मोठे उद्रेक झाले, तेव्हा डीडीटीसारख्या औषधांनी मित्रकीटकच मारले गेल्याचे लक्षात आले. फवारण्या थांबवल्यावर मित्रकीटक परतले आणि अळ्या पुन्हा कमी झाल्या.