एमू तेल: वास काढलेलं की वास झाकलेलं?

शेंगदाणा तेलाच्या बाबतीत आपली सवय ठरलेली आहे. घाण्यावरून आणलेला डबा उघडला की आधी नाक पुढं जातं. खमंग वास आला तर तेल अस्सल, आणि रिफाइंड म्हणजे सत्त्व काढून घेतलेलं पाणी. सांगलीत हे मत बदलायला कुणी जाऊ नये, मीही जात नाही. अडचण अशी की हीच फूटपट्टी घेऊन लोक त्वचेला लावायच्या एमूच्या तेलाकडे येतात, आणि तिथं ती उलटी पडते. एमूचं तेल बियांतून निघत नाही. ती पक्ष्याची वितळवलेली चरबी आहे. तिला वशट वास येत असेल तर तेल अस्सल ठरत नाही, ते नीट साफ झालेलं नाही एवढंच ठरतं.

त्यात आणखी एक घोळ आहे. "वास नसलेलं द्या" म्हटल्यावर बाजारात दोन वेगवेगळ्या गोष्टी पुढं येतात. एकीतला वास काढून टाकलेला असतो, दुसरीतला झाकलेला असतो. बाटली उघडून हुंगली तर पहिल्या मिनिटाला दोन्ही चांगल्याच वाटतात. सांगलीत विश्रामबागला माझं मेडिकल आहे. तासगावकडच्या एक काकू, द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या, बाहेरून कुठून तरी आणलेली बाटली घेऊन आल्या. म्हणाल्या, "ताई, लावताना गुलाबाचा वास. सकाळी उठून बघते तर उशीच्या अभ्र्याला वड्या तळलेल्या कढईचा वास." मी झाकण काढून हुंगलं, अजूनही गुलाबच. मग कापसावर एक थेंब घेऊन तो काउंटरच्या कोपऱ्यात ठेवून दिला. दुपारी त्यांच्या मुलीनं तोच कापूस नाकाशी नेला आणि तोंड वाकडं करून खाली ठेवला. गुलाब गेला होता, कढई राहिली होती.

असं का होतं ते कळायला तेल कसं बनतं ते थोडं बघावं लागेल. एमू हा ऑस्ट्रेलियाचा पक्षी, शहामृगाखालोखाल उंच, वजन साधारण ३० ते ४५ किलो. नर अंड्यांवर जवळपास ८ आठवडे बसतो आणि त्या काळात खाणं जवळजवळ सोडतो. अंगावर, विशेषतः पाठीवर, साठवलेली चरबी अशा वेळी उपयोगाला येते. तेल काढतात ते याच चरबीचं. ती कापून, बारीक करून मंद आचेवर वितळवतात आणि गाळतात. इथवर जे हाती येतं ते कच्चं तेल. त्यात मांसाचे, रक्ताचे बारीक अंश असतात, पाण्याचा अंश असतो, सुटी झालेली आम्लं असतात. चरबी काढल्यावर ती लगेच गार केली नसेल किंवा वितळवताना आच जास्त लागली असेल, तर वास आणखी उग्र.

वास खरोखर काढायचा तर यापुढचं काम करावं लागतं, आणि ते खाद्यतेलाच्या कारखान्यात चालतं तसंच असतं. आधी चिकट अंश काढायचे. मग अल्कलीनं सुटी आम्लं मारायची. मग शोषक मातीतून तेल नेऊन रंग उतरवायचा. शेवटी निर्वात टाकीत, २०० अंश सेल्सिअसच्या आसपास, तेलातून वाफ सोडायची. वास देणारे हलके रेणू वाफेबरोबर निघून जातात. मागं राहतं ते फिकट पिवळं किंवा मलईच्या रंगाचं तेल, ज्याला जवळपास काहीच वास नसतो. जवळपास म्हणते, कारण तळहातावर चोळून कोमट केल्यावर अगदी पुसट स्निग्ध वास येऊ शकतो. तेवढा चालतो.

इथं नेहमी विचारला जाणारा प्रश्न: मग यातलं सत्त्व गेलं का? थोडं जातं. वाफेबरोबर ई जीवनसत्त्वाचा आणि इतर किरकोळ घटकांचा काही भाग कमी होतो. पण तेलाचा मुख्य डोलारा, म्हणजे स्निग्धाम्लं, तशीच राहतात: ओलिक आम्ल साधारण ४५ ते ५० टक्के, पामिटिक २० च्या आसपास, लिनोलिक १० ते १५. पक्ष्यानं काय खाल्लं त्यानुसार हे आकडे थोडे पुढंमागं होतात. त्वचा मऊ राहते ती मुख्यतः या स्निग्धाम्लांमुळे. तेव्हा चेहऱ्याला लावायच्या तेलात कच्चेपणाचा हट्ट धरण्यात मला अर्थ दिसत नाही. घाण्याचं तेल आपण चवीसाठी घेतो. एमूचं तेल चाखायचं नसतं.

आता झाकलेला वास. यात तेल कच्चं किंवा अर्धवट साफ केलेलं असतं आणि वरून सुगंध घातलेला असतो: गुलाब, लॅव्हेंडर, लिंबूवर्गी काहीतरी. सुगंध हा मुळात उडून जाण्यासाठीच बनलेला पदार्थ आहे, उडतो म्हणून तर नाकापर्यंत पोचतो. अंगावर तो तासाभरात विरळ होतो, काही वास दिवसभर रेंगाळतात. चरबीचा खवट वास मात्र जड असतो, कापडाला धरून बसतो. म्हणून तक्रार बहुतेक वेळा उशी, ओढणी, मफलर यांच्यावरून येते, चेहऱ्यावरून नाही.

निव्वळ वासाचाच प्रश्न असता तर मी एवढं लिहिलं नसतं. सुगंधी द्रव्यं हे सौंदर्यप्रसाधनांमुळे होणाऱ्या ॲलर्जीचं एक मोठं कारण आहे. लॅव्हेंडरमधलं लिनालूल, लिंबूवर्गातलं लिमोनीन हे हवेशी संयोग पावले की त्वचेला जास्त खुपतात. एमूचं तेल शोधणारी माणसं कोण असतात? कोरडी, तडकलेली, आधीच चुरचुरणारी कातडी असलेली. ज्यांनी सुगंधापासून सगळ्यात लांब राहायचं, त्यांच्याच हातात सुगंधी बाटली दिली जाते. मला याचा राग येतो, म्हणून स्पष्टच लिहिते: सुवासिक एमू तेल ही परफ्यूमची हौस असलेल्या, धडधाकट कातडीच्या माणसानं घ्यायची वस्तू आहे.

लेबल वाचायला शिका, त्याला पाच मिनिटं पुरतात. आपल्याकडच्या सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे बाटलीवर घटकांची यादी लागते (६० मिलीपेक्षा लहान बाटलीला यातून सूट आहे) आणि एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं द्यावे लागतात. पहिलंच नाव एमू तेलाचं असायला हवं. ते तिसरं-चौथं असेल तर तुम्ही दुसरंच तेल विकत घेताय, एमू फक्त चित्रात आहे. यादीच्या शेवटाकडे 'परफ्यूम', 'पार्फम' किंवा 'फ्रॅग्रन्स' दिसलं की तेल झाकलेल्या गटातलं. 'अनसेंटेड' छापलंय म्हणून निर्धास्त राहू नका, मूळ वास दाबण्यापुरतं सुगंधी द्रव्य घालूनही माल त्या नावानं विकला जातो. 'फ्रॅग्रन्स फ्री' लिहिलेलं जास्त भरवशाचं, पण तिथंही यादी वाचायचीच. बॅच नंबर, परवाना क्रमांक आणि वापरायची मुदत नसलेली बाटली तर हातातही घेऊ नका.

मागच्या एमू लाटेतल्या बाटल्या अजून घरोघर निघतात. तामिळनाडूत इरोडजवळ पेरुंदुराईला २०१२ मध्ये एमूपालनाचा फुगा फुटला. त्या सुमाराला आपल्या पश्चिम महाराष्ट्रातही शेडं उभी राहिली आणि ओस पडली. इस्लामपूरच्या २०१९ च्या कडकनाथ कोंबडीपालनाच्या प्रकरणात पोळलेल्यांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको. अशा शेडांवर घरगुती पातेल्यात वितळवलेलं तेल "एकदम प्युअर" म्हणून कुणी दिलं असेल, तर ते कच्चं तेल आहे आणि आता जुनंही झालंय. चामड्याच्या चपलेला लावा, गालाला नको.

घरी तपासायचं तर कापसाची युक्ती वर आलीच. दुसरी याहून सोपी. स्टीलच्या छोट्या वाटीत अर्धा चमचा तेल घ्या, वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात दोन-तीन मिनिटं धरा आणि मग हुंगा. थंड तेलात लपलेला वास उष्णतेनं वर येतो. साफ केलेलं तेल या परीक्षेत शांत राहतं. झाकलेल्यात आधी सुगंधाचा भपका येतो आणि त्याच्या मागून वशट धागा लागतो. उडदाचे जुने पापड तळल्यासारखा, जुन्या मेणासारखा किंवा तैलरंगासारखा वास आला तर तो वशटपणाही नव्हे, तेल खवटलेलं आहे. खवटलेलं तेल कितीही उत्तम कारखान्यातून आलेलं असो, टाकून द्यायचं.

मोठी ऑर्डर देणारे, घरी मलम किंवा साबण बनवून विकणारे, विक्रेत्याकडे तपासणीचा दाखला मागू शकतात. त्यात पेरॉक्साइडचा आकडा बघायचा. तेल हवेमुळे किती खराब व्हायला लागलंय ते त्यावरून समजतं. खाद्यतेलांच्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात ही मर्यादा रिफाइंड तेलाला १० आणि घाण्याच्या तेलाला १५ आहे. एमू तेल खायचं नसलं तरी अंदाजाला हा आकडा उपयोगी पडतो: चांगल्या ताज्या मालात तो १० च्या बराच खाली असतो. दाखला द्यायला टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच.

एवढं करूनही एक फसगत उरते. तेलाला वास नाही याचा अर्थ ते एमूचंच आहे असा होत नाही. लिक्विड पॅराफिनलाही, म्हणजे पेट्रोलियमपासून काढलेल्या तेलालाही, वास नसतो, आणि ते फार स्वस्त. इथं आपला फ्रिज मदतीला येतो. एमूचं तेल थंडीत दाट होतं, ढगाळतं, तळाशी रवाळ पांढरा थर धरतं. पॅराफिन तसंच वाहतं राहतं. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून बाटली काचेसारखी स्वच्छ राहिली तर शंका घ्यायची. काही उत्पादक थंड करून दाट भाग आधीच गाळून टाकतात, ते तेल कमी गोठतं, पण तसं ते सांगतात. दुसऱ्या चरबीची किंवा वनस्पती तेलाची भेसळ मात्र नाकाला, डोळ्याला किंवा फ्रिजला ओळखू येत नाही. त्याला प्रयोगशाळेत स्निग्धाम्लांची छाननीच लागते.

थंडीत दाट होण्याच्या याच गुणामुळे साताऱ्याकडून, वाई-महाबळेश्वरकडून हिवाळ्यात फोन येतात की तेल बिघडलं, गोठलं. बिघडलेलं नसतं. बाटली कोमट पाण्यात ठेवली, हलकेच हलवली की पूर्ववत. खरा शत्रू उलट बाजूला आहे: सांगलीचा एप्रिल-मे. खिडकीतल्या फळीवर, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं बिनवासाचं तेल महिन्या-दोन महिन्यांत वास धरतं. गडद रंगाची काच, घट्ट झाकण, अंधारं कपाट किंवा फ्रिज. आणि छोटी बाटली: ३० मिलीची संपवून दुसरी घेणं हे २०० मिलीची वर्षभर पुरवण्यापेक्षा शहाणपणाचं. यादीत ई जीवनसत्त्व किंवा रोझमेरीचा अर्क दिसला तर तो खवटपणा लांबवण्यासाठी असतो, सुगंधासाठी नव्हे. पण रोझमेरीचंच सुगंधी तेल घातलं असेल तर ते सुगंधात धरायचं.

तेल चांगलं मिळालं की अपेक्षा बेताच्या ठेवा. एमू तेलाच्या दाहशामक गुणांवरचे पुष्कळसे प्रयोग उंदरांवर झालेत, माणसांवरचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत. कोरड्या हातांना, टाचांना, हिवाळ्यात उलणाऱ्या गालांना ते मऊपणा देतं, हे ठीक. सोरायसिस, गुडघेदुखी, टक्कल हे सगळं एका बाटलीत बरं करणाऱ्या जाहिराती वाचून हसायचं आणि पान उलटायचं. कोंड्यानं लाल झालेल्या, खवले धरणाऱ्या कातडीवर असलं स्निग्ध तेल चोळू नका, तिथल्या बुरशीला ते खाद्य ठरू शकतं. बाळाच्या मालिशसाठी तर मी देतच नाही. नवं तेल आधी हाताच्या आतल्या बाजूला आठवडाभर रोज लावून बघावं. खाज, पुरळ आलं तर थांबायचं, आणि मिरजेत त्वचेचे डॉक्टर काही कमी नाहीत.

आठवडी बाजारात एमूच्याच रांगेत सांड्याचं (हा एक सरडा), घोरपडीचं, मोराचं तेल मांडलेलं दिसतं. त्यांचा एमूशी काही संबंध नाही. एमू पाळीव फार्मवरचा परदेशी पक्षी, तर हे प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. ते तेल विकणं गुन्हा आहे.

आणि सांगलीत हा प्रश्न येतोच: "आमच्यात चालेल का हो हे?" जैन घरांतून आलेल्या गिऱ्हाइकाला मी आधीच सांगते की ही चरबी आहे, पक्षी मारल्याशिवाय ती निघत नाही. त्यांच्यासाठी उसापासून बनलेलं स्क्वालेन (squalane) नावाचं तेल चांगलं. त्याला वास नसतो आणि ते सहसा खवटतही नाही. जोजोबाही चालेल, फक्त तेही रिफाइंड बघून घ्या. कच्च्या जोजोबाला बियांचा हलका वास असतो, आणि त्यातही लॅव्हेंडर मिसळून विकणारे आहेतच.