अपघातग्रस्ताला मदत केली की पोलिसांचा ससेमिरा मागे लागतो?

‘जखमीला हात लावाल तर कोर्टाच्या फेऱ्या माराल’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. आठवी-नववीच्या मुलांनाही घरून बजावतात, ‘रस्त्यात काही दिसलं तरी थांबायचं नाही.’

ही भीती हवेतून आलेली नाही; पूर्वी लोकांना खरोखर त्रास झालाय. पण 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आलं. निःस्वार्थ आणि सद्हेतूने मदत करणाऱ्यावर, मदत करताना चूक झाली तरी, दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. 2020 च्या नियमांनुसार नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही; साक्षीदार व्हायचं की नाही, तेही तुम्हीच ठरवायचं.

पडताळायचं असेल तर कलम वाचा. किंवा जवळच्या रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराशी वा इतर दर्शनी जागी पाहा: हे हक्क स्थानिक भाषेतही तिथे लावणं बंधनकारक आहे. फलक नसेल तर जरूर विचारा.

मुलांनी जखमीला उचलायला जाऊ नये. सायकल कडेला लावावी, मोठ्या माणसाला हाक मारावी, 108 किंवा 112 फिरवून जवळची खूण सांगावी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. नववीच्या मुलाला एवढं नक्की जमतं. त्याला थांबू द्या.